यंत्राला उगवत कळत नाही

आमच्याकडे रस्ता सांगताना कुणी डावं-उजवं म्हणत नाही. आमच्या गावात, साखऱ्यात, कुणाचं घर विचारलंत तर उत्तर येईल, मारुतीच्या मावळतीला, कडुलिंबाच्या पलीकडं. घरात काडेपेटी सापडत नसली तर माय चुलीपुढून न उठता सांगायची, उगवतीच्या भिंतीला कोनाड्यात बघ. हंडा कुठं ठेवू? मावळतीच्या अंगाला ठेव. एकदा हिंगोलीच्या दवाखान्यात तिनं डॉक्टरांना सांगितलं होतं, की मावळतीकडची दाढ दुखून राहिली. डॉक्टर बिचारे खिडकीतून बाहेर बघायला लागले. माय मात्र त्यांच्याकडं अशी बघत होती, की एवढा शिकलेला माणूस आणि याला सूर्य कुठं बुडतो ते ठाऊक नाही.

ही आमची सवय आहे, सगळं जग असं बोलत नाही, हे मला आठवीत कळलं. आणि ते कळायला एक रोबो लागला. हा रोबो म्हणजे माझ्याच बाकावर बसणारी मुलगी होती, डोळ्यांवर सरांचा टॉवेल बांधलेली.

हिंगोली तेव्हा परभणीतून निघून नुकतीच वेगळा जिल्हा झाली होती. मोठ्या शहरांतल्या शाळांत कम्प्युटर आले असं आम्ही ऐकून होतो. आमच्या शाळेत पृथ्वीचा एक गोल होता, तोही ध्रुवाच्या जागी खिळा ठोकलेला. त्या वर्षी विज्ञानाला नवे सर आले. मूळचे हिंगोलीचे, खोली पुसेगावात. वडील देवळात पूजेला, घरात सगळं सोवळंओवळं, आणि हे सर बंद पडलेले टेपरेकॉर्डर पिशवीत घालून यष्टीनं यायचे. पुसेगावच्या दुरुस्तीच्या दुकानात जे सुधरायचं नाही ते सगळं सरांच्या पिशवीत जाई. आम्ही त्यांना मागून भंगारवाले सर म्हणायचो. त्यांना ते माहीत होतं आणि त्याचं त्यांना काही वाटत नव्हतं. मला मात्र त्यांच्या या न चिडण्याचाच राग यायचा.

तशी मी त्या वर्षी सगळ्यांवरच चिडलेली होते, कारण दिवाळीनंतर माझी शाळा सुटणार होती.

आमच्या घरी मेंढ्या, शेरडं आणि थोडं कोरडवाहू रान. दिवाळी झाली की माय आणि बा कळप घेऊन निघायचे, पाण्याच्या मुलखाकडं. ज्याच्या शेतातलं पीक निघालं त्याच्या रानात मेंढ्या बसवायच्या, त्याला खत मिळतं, आपल्याला चारा आणि धान्य मिळतं. पाऊस तोंडावर आला की परत. इतकी वर्षं ताई त्यांच्याबरोबर जायची आणि मी गल्लीतल्या आत्याकडं राहून शाळा करायची. पण त्या उन्हाळ्यात ताईचं लग्न झालं. शाळा उघडायच्या आधी मायनं सांगून टाकलं, "दिवाळीपस्तोर जा साळंत. मंग बिऱ्हाडासंगं." भांडण नाही, रडारड नाही. मीठ संपलं म्हणून सांगावं तसं सांगितलं. मला रडता येत नव्हतं, म्हणून मी भांडत सुटले. नाकावरच राग. आत्याशी, बाकावरच्या मुलीशी, दारातल्या कुत्र्याशी.

तर पहिल्याच आठवड्यात सर म्हणाले, "आपण रोबो करणार आहोत." टीव्हीवर ज्यांनी बघितला होता ते बाकीच्यांना हात ताठ करून दाखवायला लागले. सरांनी पिशवीत हात घातला. आम्ही माना उंचावल्या. पिशवीतून टॉवेल निघाला.

माझ्या शेजारणीचे डोळे बांधले. सरांनी तिला जागेवर गरागरा फिरवलं आणि दाराशी उभं केलं. ही रोबो. सांगितलेलं करणार, न सांगितलेलं काहीच करणार नाही. तिला वर्गाच्या कोपऱ्यातल्या रांजणापर्यंत न्यायचं आणि ग्लासभर पाणी पाजायचं. हुकूम कोण देणार? आवाज सगळ्यांत मोठा माझा, म्हणून मी.

"चाल," मी म्हणाले. ती चालायला लागली आणि चालतच राहिली. थांब म्हणायचं मी विसरले. ते मग भिंतीनं सांगितलं. पोरं हसली. मी डोक्यात राख घालून घेतली आणि ओरडले, "आता उगवतीला वळ!" ती उभीच. "उगवतीला वळ न् बाई!" तिनं अंदाजानं तोंड फिरवलं, पुढं गेली आणि सरांच्या टेबलावर आदळली. खडूचा डबा खाली, डस्टर खाली.

"येवढं बी कळंना का तुला? रोज याच वर्गात बसतीस की!"

"मला दिसून राहिलं का? तूच बांध टॉवेल!" ती टॉवेलाच्या आतून.

सरांनी विचारलं, चूक कुणाची? सगळा वर्ग म्हणाला, रोबोची. सर म्हणाले, "रोबोची चूक कधी नसते. उगवत तुला दिसते आहे, तिला नाही. तुला जे ठाऊक आहे ते तिलाही ठाऊक असणार, असं तू धरून चाललीस." मग माझ्याजवळ येऊन हळू म्हणाले, "तिला काय ठाऊक आहे ते बघ. आणि तिथून सांग."

मी तिच्याकडं बघत राहिले. तिला काय ठाऊक होतं? भिंत नाही, खिडकी नाही, ऊन नाही. तिला फक्त ती स्वतः ठाऊक होती, तिचे पाय आणि तिचे हात. डावं-उजवं आम्ही पुस्तकात वाचलेलं होतं, पण तोंडात नव्हतं, पटकन आठवायचं नाही. मी म्हणाले, "जेवायच्या हाताकडं वळ." ती लगेच वळली, जराही न अडखळता. "चार पावलं चाल. थांब. दुसऱ्या हाताकडं वळ." रांजणापाशी पोचली तेव्हा वर्ग ओरडत होता. "ग्लास उचल. तोंडाला लाव." तिनं ग्लास तोंडाला लावला. तो रिकामा होता. पाणी भर, हे मी सांगितलंच नव्हतं.

घरी येऊन मोठ्या उत्साहानं सगळं सांगितलं. माय म्हणाली, "डोळे बांधून पानी प्यायाला साळंत जातीस व्हय?"

नंतर खरी गाडीही झाली. टेपरेकॉर्डरच्या दोन मोटारी, साबणाची डबी, जुन्या चपलांच्या तळव्यांतून गोल कापलेली दोन चाकं. मागं टेकायला एक गोटी. सेल नवे कुठले असणार? रेडिओतून काढलेले सेल आम्ही शाळेच्या कट्ट्यावर उन्हात वाळत घालायचो, म्हणजे थोडा जीव धरायचे. गाडीला पुढं दोन मिश्या होत्या, सायकलच्या तारेच्या. मिशी भिंतीला लागली की एका चाकाची वीज तुटायची आणि दुसरं फिरत राहायचं, म्हणजे गाडीनं वळावं. एवढंच. तिच्यात ना मेंदू होता ना काही. पण ती कुणी हात न लावता भिंतीपासून वळणार होती, आणि ते बघायला आम्ही जेवणाची सुट्टी सोडायला तयार होतो.

सरांचा एक नियम होता. गाडी चालली नाही तर "बिघडली" असं म्हणायचं नाही. जो म्हणेल त्यानं रांजण भरायचा. त्याऐवजी सर विचारायचे, "कुठवर बराबर चाललं?" सेलपासून सुरू करायचं. इथवर वीज आली का? आली. मोटारीपर्यंत? आली. मोटार फिरते का? फिरते. चाक? इथं अडतंय. मग फक्त तेवढ्याकडंच बघायचं, सगळी गाडी उकलायची नाही. माझ्यासारखीला हे फार अवघड. मला एकतर सगळं नीट पाहिजे नाहीतर सगळं फेकून द्यायचं. त्या दिवसांत शाळेचा रांजण बहुतेक मीच भरला.

सर उत्तर सांगायचे नाहीत. त्यांना ठाऊक असायचं, हे दिसायचं त्यांच्या तोंडावर. ओठ घट्ट मिटून बसायचे. भिंतीपाशी आमची गाडी कितीतरी दिवस घोटाळली. डावी मिशी लागली की डावं चाक बंद, उजवी लागली की उजवं बंद, अशी आम्ही तार जोडलेली, कारण ते सरळ वाटत होतं. आणि गाडी भिंतीला लागली की वळायच्या ऐवजी आणखी नाक खुपसून घरघरत बसायची.

"कुठवर बराबर चाललं?"

"भिंतीला लागंस्तोर."

"मग काय व्हायला पाहिजे होतं?"

"भिंतीपासून लांब जायाला पायजे होती."

"आणि?"

"भिंतीतच घुसून राहिली!" मी चिडून म्हणाले, "शेरडावानी! डाव्या अंगाला तूर दिसली की घुसतेत तशी." आणि म्हणता म्हणताच थांबले. कारण शेरडं तुरीत घुसायला लागली की काय करायचं हे मला चालायला आल्यापासून ठाऊक होतं. डावीकडं तूर असली तर उजव्या कडेची शेरडं थोपवायची. डावीकडची चालत राहतात आणि कळप आपोआप उजवीकडं फिरतो. ज्या बाजूला वळायचं ती बाजू थांबवायची. "सर, उलटं जोडू का? डाव्या मिशीची तार उजव्या चाकाला?"

सर म्हणाले, "करून बघ."

गाडी भिंतीकडं गेली, मिशी वाकली, आणि ती कुरकुरत, चपलेची चाकं घासत, वळली. भिंतीच्या कडेनं निघून गेली. पोरांनी शाळा डोक्यावर घेतली. मी खाली बसून राहिले. आजवर मला जे येत होतं ते शाळेत चालत नव्हतं आणि शाळेत जे होतं ते घरी चालत नव्हतं. त्या दुपारी पहिल्यांदा दोन्ही एकाच डोक्यात बसली, आणि ते डोकं माझं होतं. इतका आनंद मला पुढं पगाराच्या पहिल्या दिवशीही झाला नाही.

आणि त्यामुळंच मग जास्त वाईट वाटायला लागलं. दिवाळी जवळ आली होती. माय घोडीचं खोगीर शिवायला बसली होती. एक दिवस शाळा सुटल्यावर मी साबणाची डबी सरांच्या टेबलावर नेऊन ठेवली. "सर, ही दुसऱ्याला द्या. मी दिवाळीनंतर येनार न्हाई." आणि ताईचं लग्न, बिऱ्हाड, सगळं एका दमात सांगून टाकलं.

आता सर घरी येतील, बाला समजावतील, मुलींनी शिकलं पाहिजे वगैरे बोलतील, असं मला वाटलं होतं. खरं तर तेवढ्यासाठीच मी डबी न्यायचं नाटक केलं होतं. सरांनी डबी जवळ ओढली. मग म्हणाले, "मी येईन घरी, तू म्हणालीस तर. पण मी काय बोलणार? तुमचं कसं चालतं ते मला ठाऊक नाही." आणि मग तोच प्रश्न. "तुझ्यावाचून कुठवर बराबर चालतं? आणि नेमकं कुठं अडतं?"

माझं टाळकं सटकलं. "माझं घर म्हंजी साबनाची डबी न्हाई, सर," मी म्हणाले आणि पाय आपटत निघून आले.

संध्याकाळी माय शेरडांची धार काढत होती आणि मी करडं धरून बसले होते. राग निवला नव्हता, पण प्रश्न डोक्यातून जात नव्हता. शेवटी न राहवून म्हणाले, "माय, मी रोबो हाये."

"व्हय का. मंग?"

"मला कायबी म्हाईत न्हाई. बिऱ्हाडावर दिस कसा जातो ते सांग. झुंजुमुंजूपासून. मी न्हाई असं धरून सांग."

"येडी झालीस का?" असं म्हणाली खरी, पण मायला सांगायला आवडायचं. धार चालू, आणि ती सांगत राहिली. पहाटे दोघं मिळून रात्री कळपाभोवती लावलेल्या जाळीबाहेर मेंढ्या काढतात. बा कळप घेऊन जातो. ती भाकरी करते, घोडीवर सामान लादते, पुढच्या रानात जाऊन बिऱ्हाड टाकते. दर वेळी मी विचारायचे, हे कोन करतं? ती म्हणायची, मी. येवढं सामान लादनं तुला एकटीला व्हते का? व्हते. मंग? मंग चूल मांडते. मंग? मंग दळनाला अन् पान्याला जाते, कवा गाव लांब असते. मंग कोकरं? कोकरं जाळीतच असतेत, बारकी, त्याईला चालवत न्हाई. त्याईपाशी कोन?

"ताई असती की," ती म्हणाली, आणि धार थांबली. "ताई असायची."

कोकरं एकटी टाकून जाता येत नाही. कुत्री येतात, कोल्हा येतो, कावळे तर नवीन जन्मलेल्याचे डोळेच टोचतात. म्हणजे माय पाण्याला जाऊन येईपर्यंतचा तो वेळ. बाकी सगळा दिवस माझ्यावाचून बराबर चालत होता. माझी अख्खी शाळा तेवढ्यात अडकली होती! मला ओरडावंसं वाटलं. पण मायकडं बघितलं. ती कासेला हात लावून नुसती बसली होती, पुढं बघत.

"ताई लहान व्हती तवा काय करायचीस?" मी हळू विचारलं.

"तवा तुही मोठीमाय राहायची न संगं," ती म्हणाली. "एकदा ती जायाची, एकदा मी. दोघींची कोकरं एकाच जाळीत."

मोठीमाय म्हणजे माझ्या थोरल्या चुलत्याची बायको, मायची जाऊ. आमच्या भिंतीला भिंत लागून घर. पण या दोघींनी बोलणं टाकलेलं होतं. भांडण एका करडावरून. आमच्याकडं प्रत्येक घराची कान कापायची खूण वेगळी असते, त्यावरून जनावर कुणाचं ते ओळखतात. त्या करडाचा कान कापायच्या आधीच ते दोन कळपांच्या मधे सापडलं, आणि दोघी म्हणाल्या माझं. ते करडू कुणी ठेवलं, कुणी सोडलं, हे मला धड आठवतही नाही. त्याची नातवंडं कळपात उड्या मारत होती आणि या दोघी अजून बोलत नव्हत्या. तेव्हापासून दोन्ही भावांची बिऱ्हाडं एकाच दिवशी निघायची आणि वेगवेगळ्या शिवारात उतरायची. भाऊ भाऊ आपसात बोलत होते, त्यांना या भांडणाचं काही नव्हतं. पण बायकांच्या मधे पडायची दोघांची छाती नव्हती.

खरं तर मी गप्प बसायला हवं होतं. पण जीभ आवरेल तर ती मी कसली. "म्हंजी त्या करडापस्तोर बराबर चाललं व्हतं," मी म्हणाले.

मायनं माझ्याकडं असं बघितलं की मी करडाच्या मागं लपले. दुधाचं भांडं उचलून ती आत गेली. रात्री जेवणं झाली की पुन्हा खोगीर शिवायला बसली. संपलं, मला वाटलं. आता जे होतं तेही गेलं.

सकाळी जाग आली तेव्हा माय नवं लुगडं नेसून, हातात रिकामी वाटी घेऊन दारात उभी होती. म्हणाली, "इरजन आनते."

घरात विरजण होतं. शिंक्यावर दह्याचं गाडगं भरलेलं होतं, मीच आदल्या दिवशी ठेवलं होतं. पण आमच्याकडं हे बायकांना बरोबर कळतं. विरजण मागायला आलेल्या बाईला कुणी नाही म्हणत नाही, आणि दिवेलागणीनंतर कुणी देत नाही. म्हणून अबोला मोडायचा असला की सकाळी वाटी घेऊन जायचं. नाकावर माशी बसू न देणारी माझी माय, ताईच्या लग्नातसुद्धा जी मोठीमायकडं बघून बोलली नाही, ती वाटी घेऊन चालली होती. मी कुडाच्या फटीला डोळा लावला.

"इरजन हाय का वं?" मायचा आवाज नेहमीपेक्षा बारीक होता.

मोठीमाय अंगण झाडत होती. तिनं वर बघितलं. वाटीकडं बघितलं. खराटा टेकवून ठेवला आणि आत गेली. मला वाटलं, आता दार लागतंय. माय तिथंच उभी, वाटी तशीच पुढं धरलेली. मोठीमाय गाडगं घेऊन बाहेर आली आणि विरजणाला चमचाभर लागतं तिथं तिनं वाटी काठोकाठ भरली.

"बसती का?" ती म्हणाली.

"बसते की," माय म्हणाली.

आणि बसली. करडाचं नाव दोघींनी काढलं नाही, त्या दिवशी नाही आणि पुढंही कधी नाही. थोड्या वेळानं आवाज मोठे व्हायला लागले, घोडी, जाळी, यंदा कोणत्या शिवारात पाणी आहे. मी कुडाला टेकून रडले. तोवर मला रडता येत नव्हतं ना, ते सगळं तेव्हा निघालं.

सरांचे उपकार मी मानतेच. पण नीट सांगायचं तर सरांनी मला प्रश्न दिला आणि उत्तर मायनं दिलं, आणि त्याची किंमतही तिनंच मोजली. अडलेली जागा सापडणं एक गोष्ट, आणि तिथं आपला ताठा मोडून हात घालणं दुसरी.

दिवाळीनंतर शाळा उघडली तेव्हा मी पहिल्या बाकावर जाऊन बसले. सरांनी मला बघितलं. काय झालं, कसं झालं, काही विचारलं नाही. कपाटातून साबणाची डबी काढून माझ्यापुढं ठेवली आणि म्हणाले, "कुठवर आलो होतो आपण?"

बिऱ्हाडं निघायच्या दिवशी माय मला सांगत होती, संक्रांतीला भेटायला ये म्हणून. तोवर दोन्ही बिऱ्हाडं वारंगा फाट्याजवळ उतरलेली असणार होती. मी त्या बाजूला कधीच गेले नव्हते. घोडी लादून झाली होती, मोठीमाय पुढं निघाली होती. माय म्हणाली, "फाट्यावर उतरलीस की उगवतीला..." आणि थांबली. माझ्याकडं बघितलं. मग जणू डोळ्यांवर टॉवेल बांधलेल्या कुणाशी बोलावं तशी, एक-एक शब्द तोडून सांगायला लागली.

"तुला तिथली उगवत काय म्हाईत. यष्टी दुपारची हाय, ऊन डोक्यावर असंन. हे बघ. उतरलीस की खिचडीच्या हाटेलीकडं पाठ कर. तिथं धूर असते, वास येते, चुकायची न्हाईस. पाठ केली? आता जेवायच्या हाताकडं वळ. पूल लागंस्तोर चाल. पुलावर थांब. थांब म्हनाले मी, चालतच राहू नको. मंग दुसऱ्या हाताकडं बघ. मोठं आंब्याचं झाड दिसंन. त्याच्या बुडी आमी."

आयुष्यभर सूर्य धरून बोललेल्या बाईनं माझ्यासाठी सूर्य बाजूला ठेवला होता. मी तिथंच उभ्या उभ्या पाठ फिरवून जेवायच्या हाताकडं वळून दाखवलं.

पुढं मी दहावी झाले, बारावी झाले, डी.एड. केलं. आता माझ्याही पिशवीत टेपरेकॉर्डरच्या मोटारी असतात, आणि मुलं मला मागून काय म्हणतात ते मला माहीत आहे. हल्ली काही शाळांना रोबोचे तयार संच मिळतात, रंगीत, छान, सगळे भाग जिथल्या तिथं बसणारे. मला ते आवडतात. तरी पहिल्या तासाला मी टॉवेलच काढते. डोळे बांधलेल्या मुलीला एखादं पोरगं ओरडून सांगतं, "उगवतीला वळ!" आणि ती टेबलावर आदळते. मी ओठ घट्ट मिटून बसते. हे सरांकडून घेतलेलं.

पण हे सगळं फार नंतरचं. त्या संक्रांतीला मी तिळाचे लाडू पिशवीत घालून वारंगा फाट्यावर उतरले. ट्रकच ट्रक, हॉर्न, हिंदीत ओरडणारे क्लीनर. ऊन बरोबर डोक्यावर. मी खिचडीच्या हॉटेलाकडं पाठ केली. जेवायच्या हाताकडं वळले. पुलावर थांबले. दुसऱ्या हाताकडं बघितलं. आंब्याच्या झाडाखाली एकच जाळी होती, तिच्यात दोन घरांची कोकरं, आणि जाळीपाशी मोठीमाय बसलेली. माय डोक्यावर हंडा घेऊन गावाकडून येत होती. मी धावत सुटले.

तिनं हंडा उतरवला नाही. तशीच उभी राहून मला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि विचारलं, "कुठवर बराबर आलीस?"

"पार तुझ्यापस्तोर," मी म्हणाले.